मुरत ठेवलेला माणूस

माझी वहिनी सिगार ओढते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. शौक म्हणून नाही ओढत, तिचं कामच ते आहे. आमच्या कारखान्यात सिगार हातानं वळतात, आणि वळून झाले की लगेच विकायला काढत नाहीत. देवदाराच्या फळ्या लावलेली एक लांबट, बिनखिडकीची खोली आहे, तिथे ते मुरत ठेवतात. काही वर्षभर, काही पाच-सहा वर्षं. त्या खोलीची किल्ली वहिनीच्या कमरेला असते. कुठली पेटी वरच्या फळीवरून खाली आणायची, कुठली जुडी उलटायची, खोलीत ओल किती राहू द्यायची आणि कुठला माल तयार झाला, हे सगळं तिच्या मर्जीवर. आणि माल तयार झाला की नाही हे कळायला एकच उपाय आहे. सकाळी उपाशीपोटी, चहाचा घोटसुद्धा न घेता, एक सिगार पेटवायचा आणि जीभ काय म्हणते ते ऐकायचं.

मी तिची नणंद. त्याच कारखान्यात मोठ्या खिडकीपाशी बसून मी सिगार रंगाप्रमाणे लावते, म्हणजे पेटी उघडल्यावर सगळे एका आईची लेकरं दिसले पाहिजेत. नणंद-भावजय एका छपराखाली राहतात आणि एकाच दारातून कामाला जातात, हे ऐकून लोकांना हसू येतं. हसू देत बापडे. आमचं भांडण रोज होतं आणि चहाबरोबर मिटतं. एकच भांडण कधी मिटलं नाही, ते माझ्या भावावरूनचं. आणि तो तर कधीच मरून गेला.

दादा सिगार वळायचा, आणि तेही जड. रोपाच्या अगदी शेंड्याला जी पानं येतात ना, ज्यांना ऊन सगळ्यात जास्त लागतं, ती जाड, तेलकट आणि काळपट होतात. ती आत भरली की सिगार जड होतो. असा सिगार ताजा ताजा ओढून बघावा! घशात मिरची, डोळ्यांत पाणी आणि नाकात तबेल्याचा उग्र वास. डोकं गरगरतं ते वेगळंच. काही महिन्यांनी तो वास उडून जातो. वर्षभरानं मिरची तेवढी उरते. मग तीन-चार वर्षांत ती मिरचीही जिभेच्या टोकावरून मागे सरकते, आणि पुढे येतो गोडवा. कधी भाजलेल्या कोकोचा, कधी जुन्या चामड्याचा, आणि शेवटी लाकडाचा. हलक्या पानाचं तसं होत नाही. ते सुरुवातीलाच गोड लागतं, पण दोन वर्षं ठेवलं की पोकळ होतं, कागद जाळल्यासारखं. जड पानाला धीर धरावा लागतो, मग मात्र ते सोनं होतं. हे वहिनीचं शास्त्र आहे आणि ते खरं आहे. पानांपुरतं खरं आहे.

माझा दादा मात्र जन्मभर ताजाच राहिला.

सरळच सांगते. तो वहिनीला मारायचा. दारू पिऊन नाही, शुद्धीत. जेवायला वेळ झाला म्हणून, वेळेआधी वाढलं म्हणून, काही नाहीच सापडलं तर ती गप्प का म्हणून. कारखान्यात बाकावर बसला की पान कापायची रुंद सुरी फळीवर आपटायचा. ठक! तो आवाज आला की शेजारच्या बाकावरची माणसं बोलायची थांबत. घरी त्याला सुरी लागायची नाही, मूठ पुरायची. मी एकदा मध्ये पडले, तेव्हा त्यानं माझी कपड्यांची पेटी रस्त्यावर फेकली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मरेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. माझं काय नडलं होतं?

तो गेला तोही बाकावरच. भर सकाळी, हातात पान घेऊन, डोकं फळीवर टेकलं ते उचललंच नाही. त्यांची मुलगी चिमणी तेव्हा पहिलीत होती. बाकावर त्या दिवशीची जुडी तशीच पडली होती. मालक म्हणाले, "ही विकायची नाही. वहिनी, तुमच्याजवळ ठेवा." वहिनीनं ती खोलीच्या टोकाला, शेवटच्या कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली. मी माझी पेटी उचलली आणि तिच्या घरी राहायला आले. मनात म्हटलं, सुटली बिचारी.

कसली सुटते!

दर वर्षी, तो गेला त्या दिवशी, वहिनी त्या जुडीतला एक सिगार पेटवायची. पहिल्या वर्षी खोलीतून बाहेर आली ती खोकत, डोळे लालभडक. म्हणाली, "अगदी तस्से आहेत, वन्सं. तस्सेच." मी म्हटलं, "मग फेक की ते सगळं नाल्यात." तिनं खोलीला कुलूप घातलं. पुढच्या वर्षी म्हणाली, जरा निवळलेत. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाली, आता बोलतात तरी नीट. सिगार की दादा, हे मी विचारलंच नाही. मला भीती वाटली.

आणि मग एका वर्षी ती हसत बाहेर आली. गालावर लाली, डोळे कुठेतरी लांब. "इतके गोड झालेत, वन्सं. शेवटपर्यंत कुठेही टोचत नाहीत."

त्या वर्षापासून तिच्या गोष्टीही मुरायला लागल्या. तिच्या मनगटावर भाजल्याचा एक डाग आहे, दादानं उकळत्या चहाचं भांडं फेकून मारलं होतं त्याचा. मी डोळ्यांनी पाहिलंय ते. चिमणीनं लहानपणी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, बाबांच्या हातून भांडं निसटलं. दोन-तीन वर्षांनी तीच गोष्ट सांगताना भांडं तिच्याच हातून निसटलं. आणखी काही वर्षं गेली, तर त्या गोष्टीत दादा रात्रभर उशाशी बसून मनगटावर फुंकर घालत होता! मी भाजी चिरत होते, सुरी तशीच खाली ठेवली. "वहिनी," म्हटलं, "मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते ऐकलंय, पण तू तर त्या दुधाचं दहीही लावलंस." ती दुखावली. चिमणी माझ्याकडे रागानं बघत राहिली. पोरीला बाप पाहिजे होता, आणि तिला जो मिळत होता तो फार चांगला होता.

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण दादा यायला लागला.

आधी फक्त त्या खोलीत. वहिनी पेट्या हलवत असली की शेवटच्या कपाटामागून खाकरल्याचा आवाज येतो म्हणे. मग ती विचारते, "कुठली आणू खाली?" आणि तो हळू आवाजात सांगतो. जिवंतपणी ज्यानं कधी उठून पाण्याचा पेला घेतला नाही, तो मेल्यावर हिच्या खांद्यावर शाल टाकतो! मी म्हटलं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एवढं खरं. पण मेल्यावर नवी चांगली खोड लागते हे मात्र नवलच." ती म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी वेळच दिला नाही, वन्सं." मग तो घरीही आला. जेवताना ती एक खुर्ची जरा मागे ओढून ठेवायला लागली. कुणी तिथे पिशवी ठेवली तरी उचलायची. चिमणीही जाता-येता त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायची, माणूस बसल्यासारखा. आणि खरं सांगू? मीही त्या खुर्चीकडे पाठ करून कधी बसले नाही.

कारण मलाही ऐकू यायचं. फरक इतकाच, की तिला जो ऐकू यायचा तो मला नाही. माझ्या वाट्याला जुनाच आला होता. पेट्या आणायला त्या खोलीत गेले की मागे कुठेतरी ठक! फळीवर सुरी आपटल्याचा आवाज. लाकूड ओलीनं फुगतं, वाजतं, असं सगळे सांगायचे. बरं, वाजू दे. पण वासाचं काय? खोलीच्या शेवटच्या टोकाला दोन वर्षांच्या आतलं काही ठेवतच नाहीत. तिथे यायचा तो देवदाराचा, चामड्याचा, गोडसर वास. आणि तरी शेवटच्या कपाटापाशी मला तबेल्याचा उग्र वास यायचा, कच्च्या मालाचा. नाकात शिरला की मी पेट्या तशाच टाकून बाहेर. वहिनी विचारायची, "काय झालं?" काय सांगणार, कप्पाळ?

अशी वर्षं गेली. चिमणी मोठी झाली, सिगारांना कागदाच्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या कामाला लागली. बोटं हलकी, तोंड बोलकं, हसली की सगळा कारखाना मान वर करायचा. कारखान्यातल्या सुतारानं तिला मागणी घातली. पेट्या ठोकणारा, शांत, जरा लाजाळू पोरगा. वहिनीनं नकार दिला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "हलकं पान आहे, वन्सं. आज गोड लागतंय. दोन वर्षांत पोकळ होईल."

"अगं, माणूस आहे तो! पान कुठला?"

"माणसंही तशीच असतात."

मग आला भडक्या. नाव त्याला कारखान्यानंच ठेवलेलं, आणि उगाच नाही ठेवलेलं. दादाचा बाक इतकी वर्षं रिकामा होता, तो याला मिळाला. हात चांगला होता, ते मान्य. जड सिगार वळायला बसला की दादाची आठवण यावी असा. त्यानंही चिमणीला मागणी घातली, आणि पोरीचं मन बसलं. पण एकदा पान फाटलं म्हणून त्यानं लाकडी साचा शेजारच्याच्या अंगावर फेकला. आणि एकदा चिमणी फाटकापाशी कुणाशी तरी बोलून हसली, तर यानं तिचं मनगट धरून तिला बाजूला ओढलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या चिकटवताना तिची बाही मागे सरकली, तेव्हा मी पाहिलं. चार बोटं उमटली होती. मी रंगांचीच माणूस आहे, निळा कुठे संपतो आणि पिवळा कुठे लागतो हे मला कुणी शिकवायला नको.

मी तशीच उठून वहिनीकडे गेले. "तुझ्या लेकीच्या हातावर बघितलंस?"

"बघितलं," वहिनी म्हणाली. एक पेटी उघडून ती सिगारांवर आलेली पांढरी झाक बोटानं पुसून बघत होती, बुरशी आहे की नुसता पानातल्या तेलाचा फुलोरा. "जीव आहे त्याचा तिच्यावर. तापट आहे, पण मुरेल. जड पान आहे. ह्यांचं नाही का झालं?"

"कधी झालं? मेल्यावर!"

"झालं ना पण?" ती अगदी शांतपणे म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "मी ह्यांनाही विचारलं. ते म्हणाले, दे."

मी डोक्याला हात लावून खाली बसले. दादानं हिचा जन्म खाल्ला तो खाल्ला, आता मेलेल्या तोंडानं पोरीचाही खायला निघाला होता. मी चिमणीला गाठलं. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, तिच्या आईच्या मनगटाची खरी गोष्टही सांगितली. पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणाली, "आत्या, तुझं बाबांशी पटत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आई राहिली त्यांच्याबरोबर. तिला जास्त कळतं की तुला?" ज्या बाईनं मार खाल्ला तीच म्हणते की मार नव्हता, मग मी कोण टिकोजीराव?

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी मालकांकडे गेली होती, आणि तिच्याकडून आधीच किल्ली मागून घेऊन मी त्या खोलीत शिरले. पेट्यांसाठी नाही. दार मागे लोटलं. दिवा मिणमिणता, दोन्ही बाजूंना छतापर्यंत पेट्या, आणि हवा इतकी ओली आणि जड की श्वासही चावून घ्यावा लागत होता. मी शेवटच्या कपाटापर्यंत गेले. दादाची जुडी तिथेच होती, आता अगदी थोडे सिगार उरलेले, काळेभोर, वरून चकाकणारे.

"दादा," मी म्हटलं, "तू माझ्याशी बोलत नाहीस, नको बोलूस. पण तिला खरं काय ते सांग. एवढी वर्षं तिच्याशी गोड बोलतोयस ना, मग एकदा खरं बोल. तुझी पोर आहे ती. तिच्या हातावर तुझीच बोटं उमटलीत."

काही नाही. कुठेतरी थेंब पडत होता. मला स्वतःचंच हसू आलं, की या वयात मी तंबाखूच्या जुडीशी भांडतेय. वळले.

ठक!

पाठीमागे. लाकूड फुगल्याचा आवाज मी जन्मभर ऐकलाय, तो हा नव्हता. आणि मग तो वास आला, तबेल्याचा, उग्र, इतका की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पळाले. खोटं कशाला बोलू, पदर दारात अडकला तो फाडून पळाले. बाहेर आल्यावर वहिनी समोरच उभी. ती माझ्या मागे, खोलीत डोकावली, छाती भरून श्वास घेतला आणि हसली. "आज कोकोचा वास आहे नाही?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पण कळून उपयोग काय? ज्याला दिसायला हवं त्याला दिसत नव्हतं.

लग्नाची बोलणी करायला भडक्या सुट्टीच्या दिवशी दुपारी घरी आला. त्याला मागेपुढे कुणी नव्हतं, एकटाच आला, शर्टाला कडक इस्त्री, केसांना पाणी लावलेलं. वहिनीनं टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं. ती खुर्ची तिनं नेहमीसारखी मागे ओढून ठेवली. भडक्या नेमका तिच्यावरच बसायला गेला, आणि मी मनात म्हटलं, बस बाबा, शोभतोस. वहिनीनं त्याला दुसरीवर बसवलं.

चहा झाला. तारखेचं बोलणं सुरू होणार, तेवढ्यात भडक्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "काकू, तुमच्यासाठी आणलंय. त्या बाकाचा खालचा खण कधी उघडतच नव्हता. काल डोकं फिरलं, लाथच घातली. आत हे सापडलं."

काचेची नळी होती. आत एक सिगार, तोंडाला बूच आणि बुचावर लाल लाख. पूर्वी बड्या गिऱ्हाइकांना नमुना पाठवायचा तर अशा नळीत बंद करून पाठवत. लाख दादानंच ओतलेली, त्याच्या अंगठ्याचा ठसा त्यात स्पष्ट होता.

वहिनीनं नळी दोन्ही हातांत घेतली. ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्यांचा आहे. इतकी वर्षं... किती मुरला असेल हा!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनी, ही काच आहे! सिगार मुरतो तो देवदाराच्या पेटीत, कारण पेटी श्वास घेते. आतला कच्चा वास बाहेर जातो, बाहेरची हवा आत येते. काचेत लाख लावून कोंडला तर कुठून मुरणार? जसा कोंडला तसाच राहणार. ही गोष्ट कारखान्यात काल लागलेल्या पोरीलाही ठाऊक असते, आणि वहिनीनं तर यात जन्म काढला. पण त्या घडीला तिला काच दिसलीच नाही. तिला अंगठा दिसला.

"ह्यांनीच पाठवलाय," ती म्हणाली. "आशीर्वाद म्हणून. जावयानंच पेटवायचा."

भडक्या खूश झाला. लाख फोडली, बूच काढलं, सिगारचं टोक कापलं आणि काडी ओढली. चिमणी आईच्या खुर्चीमागे उभी होती, चेहरा उजळलेला, बापाचा आशीर्वाद बघायला. त्यानं पहिला झुरका घेतला.

तो खोकला तो असा, की डोळे बाहेर यायची वेळ. "शी! हे काय सडकं!" धूर टेबलावर पसरला, जाडजूड, निळसर. आणि तो वास आला. या वेळी तो मला एकटीला नव्हता आला. चिमणीनं नाकाला ओढणी लावली. भडक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि वहिनी...

आधी तिची मान खांद्यांत गेली. मग उजवं कोपर वर आलं, चेहऱ्यासमोर, आणि डावा हात डोक्यावर. खुर्चीवरून ती घसरत भिंतीपाशी गेली आणि तिथे उकिडवी बसली, जितकं लहान होता येईल तितकी लहान. आणि धुराकडे बघून, आवाज दाबून, घाईघाईनं बोलायला लागली.

"हळू हो. पोरगी झोपलीय. चुकलं माझं, चुकलं, पण आवाज नको. पोरगी उठेल."

भडक्याला काही समजेना, आणि समजेनासं झालं की त्याला राग येतो. त्यानं टेबलावर मूठ आपटली, कपबश्या उडाल्या. "काय नाटक आहे हे? कुणी हात तरी लावलाय का तुम्हाला?"

मूठ आपटल्याबरोबर वहिनी भिंतीला आणखी चिकटली. "पोरगी झोपलीय हो," ती पुन्हा म्हणाली. रडतसुद्धा नव्हती. रडायचंही नाही असं ठरलेलं असावं.

मी चिमणीकडे पाहिलं. ती आईच्या त्या कोपराकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं नवल हळूहळू सरलं आणि मागून एक निराळाच चेहरा वर आला, अगदी लहान मुलीचा. ती पुढे झाली. भडक्याच्या हातातला सिगार घेतला आणि त्याच्याच कपातल्या चहात बुडवला. मग आईसमोर जमिनीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "मी झोपलेली नसायचे गं."

वहिनीनं कोपराआडून तिच्याकडे पाहिलं.

"मला सगळं ऐकू यायचं. तू मला थोपटून जायचीस, मग मी डोळे घट्ट मिटून पडायचे. मी उठले असं कळलं तर बाबा तुला जास्त मारतील, असं मला वाटायचं. तू म्हणालीस, बाबा असे नव्हतेच, म्हणून मीही म्हणाले, नव्हते. मला वाटलं, मला स्वप्न पडायचं."

भडक्या उठून उभा राहिला. "ते सगळं राहू दे. आपलं काय ते सांग."

"तू जा," चिमणी म्हणाली. मान वळवलीही नाही.

"मला घालवतेस? मला? बघून घेईन एकेकाला—"

"ए!" मी इतक्या जोरात ओरडले की माझा मलाच दचका बसला. माझ्या भावावर ओरडायचं राहिलेलं सगळं त्या एका अक्षरात निघालं असेल. चहाची किटली माझ्या हातात होती, भरलेली, गरम. त्यानं किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिव्या देत गेला. दार असं आपटलं की चौकटीचा गिलावा पडला.

घरात धूर तसाच लोंबत होता. वहिनीनं कोपर अजून खाली घेतलं नव्हतं. तिचे डोळे टेबलापाशी मागे ओढलेल्या त्या रिकाम्या खुर्चीवर होते. मग कोपराआडून, अगदी हळू आवाजात, तिनं विचारलं, "गेले?"

"गेले, आई."

"परत येतील."

चिमणीनं तिचं कोपर धरलं आणि अलगद खाली आणलं, मनगटावरच्या डागावर आपला तळवा ठेवला.

"येऊ देत," ती म्हणाली. "मी जागी आहे."